डोळ्याची काच सांभाळा



गेल्या नवरात्रात मी केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला गेलो होतो. ज्यांना आमचा भाग ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला पांढरकवड्याजवळ हे गाव लागते. तालुक्याला नाव केळापूरचे आणि कचेऱ्या मात्र पांढरकवड्याला, अशी आमच्याकडची वाटणी आहे. नवरात्रात तिथे मोठी गर्दी होते. रांगेत माझ्यापुढे एक आजीबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्यांनी हात जोडले आणि नातीला हळूच विचारले, "देवीचं लुगडं कोन्त्या रंगाचं हाय वं?" पोरीने सांगितले, "हिरवं." आजीबाईंनी मान डोलावली आणि पुढे सरकल्या.

बाहेर आल्यावर मी सहज चौकशी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "मग काढून का घेत नाही, आजी?" असे विचारले तर म्हणाल्या, "पिकला नाई अजून. पिकू द्या म्हन्तेत समदे. औंदाचा कापूस घरात आला, का मंग पाहू."

"पिकला नाही अजून." हे शब्द तुम्हीही ऐकले असतील, कदाचित बोललाही असाल. आंबा पिकतो, तूर पिकते, तसा मोतीबिंदूही पिकावा लागतो आणि पिकल्यावरच तो काढावा, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. ही समजूत अडाण्यांची आहे असे मात्र समजू नका. एकेकाळी डॉक्टरच हा सल्ला देत आणि त्या काळी तो बरोबरही होता. आज तो बरोबर राहिलेला नाही. मोतीबिंदू पिकू देण्याने डोळ्यातील दुसरीच एक वस्तू धोक्यात येते, आणि ती एकदा गेली की परत उगवत नाही. ती वस्तू कोणती आणि ती कशी सांभाळावयाची, हे आज तुम्हाला सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या काकांमुळे. काकांचा उजवा डोळा अधू झाला तेव्हा घरच्या सर्वांनी, त्यात मीही आलो, "पिकू द्या" असेच म्हटले. एक हंगाम गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग एका रात्री तो डोळा लाल झाला, ठणकू लागला, काकांना ओकाऱ्या होऊ लागल्या. शस्त्रक्रिया झाली. आत भिंग नीट बसले. तरी पट्टी निघाल्यावर काकांना सगळे धुक्यात दिसत होते, आणि ते धुके महिनोन् महिने हटले नाही. डॉक्टरांची यात काही चूक नव्हती. त्यांनी मला समोर बसवले, एका कागदावर डोळ्याची आकृती काढली आणि समजावून सांगितले, "भिंग उत्तम बसले आहे. पण पुढची काच थकली आहे." तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढे मी त्यावर बरेच वाचले, बऱ्याच डॉक्टरांना विचारले. त्याचे सार तुमच्यापुढे ठेवतो.

आता जरा डोळ्याची रचना पाहू. डोळ्यात प्रकाशाच्या वाटेवर दोन पारदर्शक वस्तू आहेत. पहिली अगदी दर्शनी भागात असते. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखे एक स्वच्छ, फुगीर पटल बसवलेले आहे. शास्त्रीय मराठीत त्याला पारपटल म्हणतात आणि डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मी आज त्याला सरळ 'डोळ्याची काच' म्हणणार आहे. काचबिंदू हा वेगळाच रोग आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका. दुसरी वस्तू म्हणजे भिंग. ते बाहुलीच्या मागे असते. या भिंगाचा स्वच्छपणा जाऊन ते गढूळ होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. म्हणजे मोतीबिंदू आतल्या भिंगाचा, आणि काच तर पुढची. दोहोंच्या मधली जागा पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते आणि तिची खोली अवघी तीन मिलिमीटर असते. मोतीबिंदूची सारी शस्त्रक्रिया या तीन मिलिमीटरांच्या आसपास चालते. डॉक्टरांची हत्यारे काचेच्या मागून, तिला न लागता फिरावी लागतात.

ही काच किती पातळ? आपल्या विदर्भातच याचे मोजमाप झालेले आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूर परिसरातील आठ खेड्यांत तीस वर्षांवरील ४७११ माणसांचे डोळे तपासण्यात आले. त्यांच्या काचेची मधली जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे काचेची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त झाली. वहीची पाच-सहा पाने एकावर एक ठेवा, तेवढी.

एवढ्याशा जाडीतही थर आहेत. त्यांतला सर्वांत आतला थर आज आपल्या कामाचा आहे. हा थर एकेरी पेशींचा असतो. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारख्या सहा कोनांच्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. काचेच्या मागचे पाणी सतत काचेत झिरपू पाहते. ते झिरपत राहिले तर काच भिजते, फुगते आणि दुधाळ होते. या पेशी झिरपलेले पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर टाकतात. आमच्या शेजारी वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत झिरपणारे पाणी पंपांनी सारखे उपसावे लागते. पंप बंद पडले की खाण बुडाली. डोळ्याच्या काचेचेही असेच आहे. ती स्वच्छ दिसते ती तिच्या मागे बसलेल्या या पंपांच्या जोरावर.

आणि आता मुख्य गोष्ट. आपल्या कातडीला खरचटले तर नवी कातडी येते. हाड मोडले तर सांधते. माणसाच्या डोळ्यातील या पेशी मात्र वाढत नाहीत, नव्या येत नाहीत. एक पेशी मेली की शेजारणी थोड्या पसरतात आणि तिची जागा झाकतात, एवढेच. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला सुमारे तीन हजार पेशी असतात. वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त झडतात आणि म्हातारपणी अडीच हजारांच्या आसपास उरतात. ही संख्या पाचशेच्या घरात उतरली की उपसा कमी पडू लागतो आणि काच फुगण्याचा धोका उभा राहतो. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर ही ठेव अशी आहे की तिला व्याज नाही. जन्माला येताना जे मुद्दल मिळाले तेच आयुष्यभर पुरवावयाचे.

आता तुम्ही विचाराल, मग जुने जाणते लोक "पिकू द्या" का म्हणत? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मोतीबिंदूवरचा आपल्याकडचा उपाय फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, दृष्टीच्या आड आलेला दोष बाजूला सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. पुढे शतकानुशतके गढूळ भिंग सळईने डोळ्याच्या मागच्या भागात ढकलून देत. गावोगाव हिंडणारे काही वैद्य विसाव्या शतकातही हे करीत. त्यातून कित्येकांना दिसू लागले आणि कित्येकांचे डोळे कायमचे गेले. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने काचेच्या कडेला चीर देऊन मोतीबिंदू बाहेर काढला. तेव्हापासून ढकलण्याऐवजी काढण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

काढण्याच्या जुन्या पद्धतीत कच्चा मोतीबिंदू अडचणीचा होता. त्याचा चिकट भाग डोळ्यात मागे राही आणि त्रास देई. पिकलेला सुटसुटीत निघे. पुढे भिंग त्याच्या वेष्टनासकट अख्खे ओढून काढू लागले. पण भिंग काढल्यावर डोळ्यात दुसरे काही बसवीत नसत. रुग्णाला दहा नंबरचा जाड चष्मा लागे. त्या चष्म्यातून वस्तू जवळजवळ सव्वापट मोठी दिसते. एक डोळा चांगला आणि दुसरा शस्त्रक्रियेचा असला तर दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळत नसत, माणूस गोंधळून जाई. शिवाय मोठी चीर, टाके, आणि डोके न हलवता कित्येक दिवस पडून राहणे आलेच. एवढे करून मिळावयाची ती जाड चष्म्याची नजर. म्हणून अगदीच दिसेनासे झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, हा हिशेब त्या काळी चोख होता. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सरकारी सेवेतील नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांनी अशा काळात हजारो शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या राज्यात १० जून हा दृष्टिदान दिन म्हणून पाळतात.

हा हिशेब बदलला तो डोळ्यात भिंग बसवता येऊ लागल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे कण घुसले होते. डोळ्याने ते निमूटपणे सोसले. हे पाहून लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवले. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केल्मन यांनी दुसरी वाट काढली. एक बारीक पोकळ सुई सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, मोतीबिंदूचा आतल्या आत चुरा करते आणि तो ओढून घेते. तिच्यासाठी लागणारी चीर अगदी लहान असते. आपल्या देशात यंत्राशिवाय, हाताने, पण लहानशा बिनटाक्याच्या बोगद्यातून मोतीबिंदू काढण्याची पद्धतही फार चांगली रुजली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूच्या अंधत्वाविरुद्ध मोठी मोहीम चालली. त्यांत महाराष्ट्रही होता. मदुराईला १९९२ पासून स्वस्त भिंगे तयार होऊ लागली. जाड चष्मा मागे पडला आणि भिंग गरिबाच्या डोळ्यातही आले.

पण नवी विद्या नवे प्रश्न घेऊन येते. भिंगे बसवू लागल्यावर असे आढळले की आत जाताना भिंगाचा नुसता स्पर्श जरी काचेच्या आतल्या थराला झाला, तरी पेशी त्याला चिकटून निघून येतात. सुईच्या कंपनाने उष्णता होते, कठीण चुऱ्याचे कण उडून काचेच्या पाठीवर आदळतात, आतून वाहणारे पाणी जोराने लागते. या सर्वांत पेशी खर्ची पडतात. तेव्हा मोतीबिंदू काढताना काच कशी राखावयाची, हाच शस्त्रवैद्यांपुढे प्रश्न आला.

त्यावरचे उत्तर मोठे मजेदार आहे. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ एंड्रे बालाझ यांनी हायलुरॉनिक आम्ल नावाच्या पदार्थावर वर्षानुवर्षे काम केले. हा दाट, चिकट, पारदर्शक पदार्थ आपल्या सांध्यांत आणि डोळ्यांत निसर्गतःच असतो. तो त्यांनी शुद्ध स्वरूपात काढला तो कशातून? तर कोंबड्याच्या तुऱ्यातून! १९८० च्या सुमारास तो डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वापरात आला. भिंग आत सरकवण्याआधी हा लगदा त्या तीन मिलिमीटरांच्या जागेत भरतात. जागा फुगलेली राहते, हत्यार आणि काच यांच्यामध्ये गादी तयार होते, पेशींवर लेप बसतो आणि काम झाले की लगदा धुऊन काढतात. काचेची भांडी बैलगाडीतून नेताना आपण मध्ये तणस घालतो ना, तसेच हे. आपल्याकडे याच कामासाठी त्याहून स्वस्त असा एक पदार्थ फार वापरला जातो. त्याचे नाव लांबलचक आहे, हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोज. तो बनतो सेल्युलोजपासून, आणि सेल्युलोज मिळते लाकडातून किंवा सरकीला चिकटून राहणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंतून. ज्या कापसासाठी आपण शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, त्याच्याच जातीची वस्तू शस्त्रक्रियेत डोळ्याची काच राखते, हे कापूस पिकवणाऱ्या माझ्या बंधूंना ऐकून बरे वाटेल.

डॉक्टर आणखीही काळजी घेतात. डोळ्यात सोडावयाचे पाणी साधे नसते. त्यातील क्षार डोळ्यातील द्रवाशी जुळते ठेवतात. चुरा करावयाचा तो होईल तितका मागे, काचेपासून दूर करतात. यंत्राची शक्ती बेताची ठेवतात. मोतीबिंदू फार कठीण असला तर यंत्राऐवजी हाताच्या पद्धतीने काढणे बरे, असेही ठरवतात. ज्यांच्या काचेबद्दल शंका आहे त्यांच्या पेशी खास सूक्ष्मदर्शकाने आधीच मोजून घेता येतात. सारे सुरळीत झाले तरी शस्त्रक्रियेत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पेशी जातात असे धरून चालावे.

आता आपण हिशेब मांडू. समजा, एका बाईंच्या डोळ्यात चोवीसशे पेशी आहेत आणि त्या वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतात. दहा टक्के गेल्या, एकवीसशेच्या वर राहिल्या. उरलेल्या आयुष्याला त्या पुरून उरतील. आता दुसरे एक गृहस्थ पाहा. त्यांनी मोतीबिंदू पिकू दिला. पिकता पिकता भिंग तपकिरी झाले आणि खडकासारखे कठीण झाले. ते फोडावयास जास्त शक्ती लागणार, जास्त वेळ लागणार, उडणारे कण अधिक टोकदार असणार. हाताने काढावे तर मोठा कठीण गोळा काचेच्या पाठीशी घासत बाहेर येणार. कधी कधी अतिपक्व भिंग पाझरते किंवा फुगते, डोळ्यातील दाब एकाएकी चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो. माझ्या काकांचे हेच झाले होते. अशा दाबात शस्त्रक्रियेआधीच पेशी मरू लागतात. म्हणजे एकीकडे मुद्दल घटलेले आणि दुसरीकडे खर्च दुपटी-तिपटीचा. मग शस्त्रक्रिया कितीही निष्णात हातांनी झाली तरी काच दगा देऊ शकते.

हा प्रश्न थोडक्यांचा आहे असे समजू नका. २०१५ ते २०१९ या काळात भारत सरकारने अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. पन्नाशी उलटलेल्या अंध व्यक्तींत ६६.२ टक्के लोक उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे अंध होते. ८.२ टक्के काच पांढरी पडल्यामुळे, म्हणजे आपण ज्याला फूल पडणे म्हणतो त्यामुळे. आणि ७.२ टक्के मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे. या शेवटच्या आकड्यात काचेखेरीज इतरही कारणे आहेत. पण हा आकडा ऐकून शस्त्रक्रियेलाच भिऊ नका. शेकडा सहासष्ट लोक न गेल्यामुळे अंध आहेत, हे आधी लक्षात घ्या.

मग करावयाचे काय?

पहिली गोष्ट, पिकण्याची वाट पाहू नका. सुईत दोरा ओवता येईना, एस. टी. ची पाटी वाचता येईना, तांदळातला खडा दिसेना, संध्याकाळी समोरच्या दिव्याभोवती तेजाची वलये दिसू लागली, की डोळे तपासून घ्या. प्रत्येक मोतीबिंदू त्याच दिवशी काढावा लागतो असे नाही. केव्हा काढावयाचा ते तुमच्या कामाची अडचण पाहून डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. पण ते डॉक्टरांकडे बसून ठरवा, पारावर बसून नव्हे. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासले जातात. शस्त्रक्रियेसाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. वरोऱ्याजवळ आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोतीबिंदूची मोठी शिबिरे घेतली, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पूर्वी शाळेच्या वर्गातच टेबले मांडून शस्त्रक्रिया होत. आता शिबिरात तपासणी करून शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या निर्जंतुक खोलीत करतात. तेव्हा "इथेच का नाही करत?" म्हणून रुसू नका.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांपासून काही लपवू नका. लहानपणी डोळ्याला विटीदांडूचा मार बसला असेल, पऱ्हाटीची काडी लागली असेल, पूर्वी डोळा लाल होऊन ठणकला असेल, दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया जड गेली असेल, घरात कोणाची काच धुरकट झाली असेल, मधुमेह असेल, तर आपण होऊन सांगा. यावरून डॉक्टरांना तुमच्या काचेचा अंदाज येतो आणि ते त्या बेताने तयारी करतात. खोकला असेल तर तोही सांगा. काम चालू असताना एक ठसका काचेला महाग पडतो.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची. पट्टी निघाल्यावर पहिले काही दिवस थोडे धूसर दिसले तर घाबरू नका. काच किंचित सुजलेली असते, बहुधा आपोआप निवळते. पण डोळा अधिक लाल झाला, दुखू लागला, आलेली नजर परत कमी झाली, तर दिवस उजाडण्याची, बाजाराची, कोणाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. डोळा चोळू नका. रात्री डोळ्यावर ढापण ठेवा, झोपेत हात जातो. डोक्यावरून पाणी घेणे, ओझे उचलणे, चुलीचा धूर, धुळीचे काम, वेचणी, पऱ्हाटी उपटणे हे डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. डोळ्यात मध, काजळ, झाडपाल्याचा रस यांतले काही घालू नका. थेंब सांगितले तितके दिवस, हात धुऊन टाका. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. आणि उरलेली बाटली फेकून द्या. ती घरात राहिली की पुढे कोणाच्या डोळ्याला काडी लागली म्हणजे तीच बाटली निघते. काडीच्या जखमेत बुरशी वाढते, आणि त्या थेंबातील औषध बुरशीला पोसते. एकाची काच वाचवण्यासाठी दिलेले औषध दुसऱ्याची काच घालवते.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. गावात दवाखाना नसला तरी शाळा असते. वरच्या वर्गातील मुलांना एक साधी परीक्षा शिकवा. आजीआजोबांना उजेडात बसवावे, एक डोळा तळहाताने झाकावयास सांगावे आणि वीस फुटांवरून बोटे दाखवावीत. मग दुसरा डोळा झाकून तसेच करावे. एक डोळा झाकणे महत्त्वाचे आहे, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याला पाठीशी घालतो आणि घरात कोणाला पत्ताच लागत नाही. ज्यांना बोटे मोजता आली नाहीत त्यांची नावे मुलांनी वहीत लिहून आणावीत आणि ती तुम्ही आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात द्यावीत. मोजता आली म्हणजे मोतीबिंदू नाहीच असे मात्र समजू नये. पण जे अगदी टोकाला गेले आहेत ते तरी सापडतील.

माझ्या काकांचे पुढे काय झाले, हे तुमच्या मनात असेलच. काच बदलण्याची विद्या जुनी आहे. १९०५ साली मोराव्हियात डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका माणसाची काच दुसऱ्याला यशस्वीपणे बसवली होती. आता सगळी काच बदलावी लागतेच असे नाही. नुसता आतला पेशींचा पातळ थर बदलता येतो. काकांना तसा थर मिळाला, पण त्यासाठी चौदा महिने थांबावे लागले. तो थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात. काका दिवसभर आढ्याकडे पाहत उताणे पडून होते. आज ते त्या डोळ्याने पेपराचे मथळे वाचतात, बारीक अक्षर नाही. तो थर कोणाचा होता हे आम्हाला ठाऊक नाही, विचारूही नये असा नियम आहे. कोणाच्या तरी घरी माणूस गेला, आणि त्या दुःखात त्या घरच्यांनी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलावले, एवढेच आम्ही जाणतो. तुमच्या घरी कधी तसा प्रसंग आला तर मृताचे डोळे मिटा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला निरोप द्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली माणसेही नेत्रदान करू शकतात.

त्या केळापूरच्या आजीबाईंना मी देवळाच्या पायरीवर यातले निम्मेअर्धे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मंग कापसाचं काय?" मी नातीकडे पाहिले. ती म्हणाली, "आजे, कापूस आमी वेचतो नं." पुढे त्या गेल्या की नाही, मला कळलेले नाही. पण तुमच्या घरी अशी आजी असेल तर तिला हे उत्तर आजच द्या.